बालविभागातील वैशाख

आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने गेल्या चैत्रात एक ठराव मंजूर केला. बालविभागातील जी पुस्तके जीर्ण झाली आहेत, ज्यांची पाने गहाळ आहेत किंवा ज्यांना वर्षानुवर्षे वाचक लाभलेला नाही, अशा सर्व पुस्तकांची बयाजवार यादी करून ती निर्लेखनासाठी सादर करावी, आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत नवी कोणती पुस्तके घ्यावीत याची शिफारसही त्याच यादीसोबत जोडावी, असा त्या ठरावाचा मजकूर होता. ग्रंथपाल म्हणून दप्तर माझ्या ताब्यात असल्यामुळे हे काम साहजिकच माझ्याकडे आले. अशा कामाचा रूढ शिरस्ता असा की, दाखल नोंदवही उघडावी, पुस्तक हातात घेऊन बांधणी पाहावी, मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या कागदावरील परतीच्या तारखांवरून नजर फिरवावी, आणि शेरा मारून पुढच्या पुस्तकाकडे वळावे. तसे केले असते तर काम थोडक्यात उरकले असते. परंतु जे पुस्तक आपण मुलांच्या हातून कायमचे काढून घेणार, ते निदान एकदा वाचल्यावाचून काढू नये, असे माझे मत होते व आहे. वैशाखात शाळांना सुटी असते, सकाळची देवघेव संपली की दुपारी उन्हामुळे फारसे कोणी फिरकत नाही. तेव्हा कविता, चरित्रे, माहितीची पुस्तके आणि अगदी लहानांची चित्रपुस्तके बाजूला ठेवून, दहा-अकरा वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या तेवढ्या मी वेगळ्या काढल्या आणि तो सबंध महिना त्यांच्या वाचनात घालवला.

वाचावयास बसण्यापूर्वी मनाशी एक निश्चय केला होता. लहानपणी वाचलेल्या पुस्तकाची गोडी आणि त्या पुस्तकाचा गुण या दोन गोष्टींची गल्लत होऊ द्यावयाची नाही. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाच्या हाती बालपणीचे पुस्तक आले म्हणजे त्यातील मजकुरापेक्षा ते ज्या ओसरीवर वाचले ती ओसरी, ज्या सुटीत वाचले ती सुटी आणि ज्या भावंडाशी त्यासाठी भांडण झाले ते भावंडच त्याला अधिक स्पष्ट दिसू लागते, आणि मग आमच्या वेळी कशी पुस्तके होती म्हणून सांगा, असा उद्गार आपसूक बाहेर पडतो. आजच्या मुलाला त्या उद्गाराचा काडीचाही उपयोग नाही. त्याला आज, या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी, आपल्या अभ्यासातून आणि घरकामातून वेळ काढून वाचावयाचे आहे, आणि त्याच्या हाती जे द्यावयाचे त्याची पारख त्याच्याच गरजेवरून व्हावयास हवी.

आमच्या बालविभागाचे सर्वांत खालचे कप्पे मासिकांच्या बांधीव खंडांनी भरलेले आहेत. मुलांसाठी नियतकालिक चालविण्याची मराठीतील परंपरा मोठी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' सुरू केले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत निष्ठेने चालविले; वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ साली निघाले; पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' १९७१ च्या बालदिनी सुरू झाले ते आजतागायत चालू आहे. या खंडांविषयी मला फारसा विचार करावा लागला नाही. त्यांतील एकही खंड निर्लेखनाच्या यादीत जाणार नव्हता, आणि मोठ्यांसाठी लिहिणारे नामवंत लेखक एके काळी मुलांसाठी लिहिणे हे आपले कर्तव्य मानीत असत याची साक्ष म्हणून तरी ते जपलेच पाहिजेत.

खरे वाचन सुरू झाले ते साने गुरुजींपासून. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, हे बहुतेक मराठी वाचकांस ठाऊक असते. ते रडविणारे पुस्तक आहे, ही त्याची ख्यातीही तशीच सर्वतोमुखी आहे. या ख्यातीमुळे त्याच्याकडे काहीशा धास्तीनेच मी वळले. परंतु पुष्कळ वर्षांनी ते सलग वाचताना माझ्या मनात भरली ती त्यातील करुणा नव्हे, तर त्यातील विलक्षण निर्भयता. कर्ज म्हणजे काय, सावकाराचा माणूस दारी बसला की घरातील बाईच्या तोंडचे पाणी कसे पळते, जप्तीची दवंडी गावातून फिरू लागली म्हणजे शाळेतून परतणाऱ्या मुलाला मान वर करून चालणे कसे अशक्य होते, हे सारे त्या पुस्तकात कोणताही आडपडदा न ठेवता आलेले आहे. पोहावयास जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या मुलाला आई मारून बाहेर काढते, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. ही दोन्ही रूपे एकाच आईची आहेत, हे गुरुजी समजावून सांगत बसत नाहीत, वाचणाऱ्याला ते कळेल असे गृहीत धरतात. आज मुलांसाठी लिहिणाऱ्या कोणा लेखकाने असा प्रसंग हस्तलिखितात घातला, तर तो वगळण्याची सूचना त्याला होईल की काय, असे मला वाटून गेले.

गुरुजींच्या 'गोड गोष्टी' या मालेकडे आता फारसे कोणी वळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. या मालेत त्यांनी पाश्चात्य वाङ्मयातील थोर कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या. जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर'चे 'मनूबाबा' झाले, व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'चे 'दुःखी' झाले, आणि ड्यूमाच्या 'ब्लॅक ट्यूलिप'चे 'फुलाचा प्रयोग' झाले. ह्यूगोची ती अजस्र कादंबरी मुलांना देण्याचे धाडस करणारा मनुष्य मुलांच्या आकलनशक्तीविषयी किती आदर बाळगून असेल, याचा विचार करावा. भूक लागली म्हणून केलेल्या चोरीची शिक्षा माणसाच्या अख्ख्या आयुष्याला कशी पुरून उरते, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाला समजणार नाही असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. आमच्या तालुक्यातील बारा वर्षांच्या मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

गुरुजींच्या या पुस्तकांच्या वाचनानंतर माझ्या हाती एक कसोटी लागली, आणि पुढे महिनाभर तीच मला वाट दाखवीत राहिली. मुलांसाठी लिहिणारा लेखक लिहिताना कोणाकडे पाहतो आहे? तो समोर बसलेल्या मुलाकडे पाहतो आहे, की त्या मुलाच्या पाठीशी उभ्या असलेल्या पालकाकडे, शिक्षकाकडे आणि पुस्तके मंजूर करणाऱ्या समितीकडे? श्याम आपली कथा सांगतो ती आश्रमातील आपल्या सोबत्यांना, रात्रीमागून रात्र, बरोबरीच्या नात्याने. तेथे मध्ये तिसरा कोणी नाही. म्हणूनच उपदेशाने ओथंबलेले असूनही ते पुस्तक परके वाटत नाही. उपदेश करणाराच त्या सर्वांतून होरपळून निघालेला आहे, आणि ऐकणारा त्याच्या शेजारी बसलेला आहे.

ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' मी याच कसोटीने पुन्हा वाचला. आईबापांवेगळा मुलगा परक्या घरात येतो आणि त्या घराचा होतो, एवढेच त्याचे सूत्र. परंतु आपण या घरात आश्रित आहोत ही जाणीव त्या मुलाच्या हुशारीच्या तळाशी सतत वावरत असते, आणि ती लेखकाने कोठेही पुसून टाकलेली नाही. पुष्कळांच्या स्मरणात आता दूरदर्शनवरील मालिकेतला गोट्या आहे, पुस्तकातला नाही. ताम्हनकरांनी मुलींना त्यांची स्वतःची 'चिंगी' दिली, ही गोष्टही मला नोंदविली पाहिजे, कारण त्यानंतरच्या कपाटभर पुस्तकांत साहसाची मक्तेदारी मुलांकडेच राहिली आणि मुली बहुतकरून दिवा धरण्यापुरत्या किंवा घाबरण्यापुरत्या आल्या.

भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'चा एक भाग माझ्या टेबलावर आला तो अशा अवस्थेत की, शिरस्त्याप्रमाणे तो पहिल्याच दिवशी निर्लेखनाच्या ढिगात जावयास हवा होता. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून आतील थर सुटलेले, कण्याशी कसरीने पोखरलेले, आणि दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवलेले ते पुस्तक उघडताना कुरकुरत होते. परतीच्या तारखांचा कागद भरला म्हणून त्यावर दुसरा, आणि दुसऱ्यावर तिसरा चिकटविलेला; जांभळ्या शाईच्या त्या शिक्क्यांत मे महिन्यातील तारखांची गर्दी पाहूनच कोणत्या सुटीत ते किती हातांतून गेले याचा अंदाज बांधता येत होता. पहिल्या कोऱ्या पानावर मुलांनी पेन्सिलीने आपापली नावे लिहिली होती, इयत्ता व तुकडीसह. पुस्तकात लिहू नये, अशी पाटी आमच्या भिंतीवर ठळक अक्षरांत आहे. तरीही एकाच्या खाली एक उतरलेली ती नावे म्हणजे त्या पुस्तकाला मिळालेले प्रशस्तिपत्रक होते, आणि कोणत्याही पारितोषिकापेक्षा त्याची किंमत मला अधिक वाटली. हे पुस्तक काढावयाचे नाही, त्याची नवी प्रत मागवावयाची आणि जुनी प्रत बांधणीला द्यावयाची, असा शेरा मी लिहिला.

फुरसुंगीहून पुण्यास शिकावयास आलेला, हडकुळा, सायकलवर भरधाव सुटणारा हा बनेश फेणे मुलांना इतका जवळचा का वाटावा, याचा विचार करता माझ्या ध्यानी आले की, भागवतांनी त्याला कोठेही आदर्श विद्यार्थी केलेले नाही. तो जिज्ञासेपोटी भलतीकडे शिरतो, संकटात सापडतो आणि बुद्धी, धाडस व थोडे नशीब यांच्या बळावर बाहेर पडतो. मोठी माणसे येतात ती बहुधा उशिरा. ज्यांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठीत आणल्या आणि १९५१ साली 'बालमित्र' मासिक काढले, त्या भागवतांना गोष्ट कशी पळवावी हे तर ठाऊक होतेच. परंतु त्यांचा खरा मोठेपणा असा की, मुलाची सुटका त्यांनी मुलाच्याच हाती सोपविली. पुस्तकांचे वेड असलेला त्यांचा बिपिन बुकलवार आमच्याकडे आता एकाच फाटक्या प्रतीच्या रूपाने उरला आहे. त्याचीही शिफारस मी केली आहे. दिलीप प्रभावळकरांचा, मूळ आकाशवाणीसाठी जन्मलेला 'बोक्या सातबंडे' याच कुळातला. तो मोठ्यांच्या जगातील अन्यायात नाक खुपसतो आणि त्याला त्याची लाज वाटत नाही.

यानंतर जो भाग आला तो मात्र फार खडतर होता. कपाटांतील बहुसंख्य पुस्तके अशी की, त्यांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयात ती आढळतील. त्यांत सुटी लागते, मुले कोकणात मामाकडे जातात, समुद्रकाठच्या गुहेत दिवे हालताना दिसतात, तस्कर निघतात, पोलीस निरीक्षक येतात, मुलांची पाठ थोपटली जाते आणि वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. साहसकथेला माझा विरोध मुळीच नाही. मुलाला धडधड हवी असते आणि ती मिळालीच पाहिजे. परंतु या पुस्तकांतील मुलांना घाम येत नाही, भूक लागत नाही, त्यांची आपसांत असूया नसते, त्यांच्यापैकी कोणाची फी थकलेली नसते, आणि गावातील माणसे बोलतात ती केवळ शहरातील मुलांना हसू यावे एवढ्यासाठी. जेथे तस्कर नाहीत तेथे आजोबा असतात. हे आजोबा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर जाणतात, संध्याकाळी अंगणात नातवंडांना गोळा करतात, आणि पाणी वाचवावे, झाडे लावावीत, मोठ्यांचा मान राखावा, हे सांगून कथा संपवितात. कथेच्या शेवटी तात्पर्य छापण्याची पद्धत आता गेली असे आपण समजतो. ती गेलेली नाही, आजोबांच्या तोंडी जाऊन बसली आहे.

अशी पुस्तके एकामागून एक वाचताना मला त्यांच्या लेखकांचा राग आला नाही. ती सद्हेतूनेच लिहिलेली आहेत. पण प्रत्येक पानावर जाणवत राहते की, लेखकाची दृष्टी मुलावर स्थिर नाही; ती वारंवार त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते आणि तेथे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाची संमती विचारते. मुलाला हे चटकन कळते. आपल्याशी बोलता बोलता जो दुसऱ्याच कोणाकडे पाहतो आहे, त्याचे ऐकावयास मूल फार वेळ थांबत नाही.

याच दिवसांत आठवीत गेलेली एक मुलगी जवळजवळ रोज ग्रंथालयात येत असे. वडिलांची पिठाची गिरणी, घरात धाकटी भावंडे, आणि दुपारी गिरणी बंद असताना मिळणारा तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. मी टेबलावर वेगळी काढलेली पुस्तके ती चाळत असे, आणि मी वाचून संपविलेले पुस्तक पुष्कळदा तीच घरी नेत असे. एके दिवशी वर सांगितलेल्या प्रकारचे एक पुस्तक परत करताना ती म्हणाली,

"बाई, आता याच्या पुढचं द्या ना."

"याचा पुढचा भाग निघालेला नाही," मी म्हटले.

"तसं नाही बाई, मोठ्या मुलींचं काहीतरी द्या. यातली मुलं फारच शहाण्यासारखी वागतात. त्यांना कधी रागच येत नाही कुणाचा."

महिनाभर मी जे शोधीत होते ते तिने एका वाक्यात सांगितले होते. मी उठून मोठ्यांच्या विभागात गेले आणि प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' आणून तिच्या हाती ठेवले. बालविभागाच्या कार्डावर मोठ्यांच्या विभागातील पुस्तक देऊ नये, असा आमच्याकडे जुना नियम आहे. ते पुस्तक मी माझ्या नावावर नोंदवून तिला दिले. कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या संतांनी लंपन नावाच्या मुलाच्या कथा चार पुस्तकांत लिहिल्या. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी, कानडी आणि मराठी एकमेकींत मिसळून गेलेल्या बेळगावाकडच्या मुलखात वाढणारा हा मुलगा मनाने किती हळवा, किती चौकस आणि किती एकाकी आहे, हे त्या पुस्तकांच्या वाचकांना सांगावयास नको. ती पुस्तके मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत; समीक्षकांनी त्यांची गणना प्रौढ वाङ्मयातच केली आणि ती योग्यही आहे. परंतु तेरा वर्षांच्या वाचकाने ती वाचू नयेत असे त्यांत काय आहे? उलट, आपल्या मनात उठणारे आणि कोणापाशीच न बोलता येणारे तरंग आणखी कोणाच्या तरी मनात उठतात, हे कळण्याचे वय नेमके तेच आहे.

काही दिवसांनी ती पुस्तक परत घेऊन आली. तिला ते आवडले का, असे मी विचारले नाही. पुस्तक ज्या तऱ्हेने तिने छातीशी धरले होते त्यावरूनच ते कळत होते. तिने आपण होऊन विचारले,

"बाई, याला त्याच्या आईकडे परत का नाही नेत?"

त्याचे सरळ उत्तर पुस्तकात मिळत नाही, आणि मीही ते दिले नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाली, "त्यालापण कळत नसणार." आणि पुढचे पुस्तक मागितले. 'शारदा संगीत' घेऊन ती गेली. मुलांना सर्व प्रश्नांची उत्तरे पुस्तकातून मिळालीच पाहिजेत, या समजुतीवर आपण मुलांचे वाङ्मय उभारले आहे. त्या मुलीचे उत्तरावाचून काहीही अडले नाही.

नव्या पुस्तकांकडे वळले तेव्हा मनात थोडी निराशा होती, ती बऱ्याच अंशी दूर झाली. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, आणि मराठीत तो ज्या कादंबऱ्यांना मिळाला त्यांपैकी काही मी या महिन्यात प्रथमच वाचल्या. ल. म. कडू यांचे 'खारीच्या वाटा' हे २०१७ चे पुरस्कारप्राप्त पुस्तक. धरणामुळे उठणाऱ्या गावातील मुलाच्या नजरेने लिहिलेले हे पुस्तक वाचताना मला पुनःपुन्हा थांबावे लागले. आमच्या भागात कोयनेच्या धरणाने उठविलेल्या गावांची माणसे आहेत. त्यांच्या घरांतून जी हकीकत तुटक तुटक ऐकावयास मिळते, ती एका मुलाच्या अनुभवाच्या रूपाने, झाडांच्या, गुरांच्या आणि पायवाटांच्या तपशिलासह समोर आल्यावर विस्थापन या सरकारी कागदांतील शब्दामागे काय असते ते उमगते. लेखक कोठेही आक्रोश करीत नाही. गाव कसे होते तेवढे सांगतो, आणि ते आता नाही एवढे वाचकाला ठाऊक असते.

वनखात्यात नोकरी करणारे सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' या पुस्तकाला २०१९ साली तो मान मिळाला. त्यातील जंगल हे मामाच्या गावचे देखाव्याचे जंगल नसून रोज तेथे पायपीट करणाऱ्या माणसाने पाहिलेले आहे, हे पहिल्या काही पानांतच जाणवते. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'त रोजनिशीच्या रूपाने एक मुलगी स्वतः बोलते. ते पुस्तक मी गिरणीवाल्यांच्या मुलीला दिले, तेव्हापासून तिनेही एक वही घातली आहे असे तिची मैत्रीण सांगत होती. भारत सासणे यांच्यासारख्या प्रौढांच्या कथेत नाव मिळविलेल्या लेखकाने 'समशेर आणि भूतबंगला' लिहून मुलांच्या रहस्यकथेला हात घालावा, याचा मला विशेष आनंद झाला. 'किशोर'च्या जुन्या खंडांत जी परंपरा मी पाहिली होती, ती सर्वस्वी खंडित झालेली नाही.

आणि तरीही या सर्व वाचनात एक मोठी जागा रिकामीच राहिली. आमच्या तालुक्यात दिवाळी झाली की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुले येतात. काही साखरशाळेत बसतात, काही कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळतात, आणि उन्हाळा सुरू झाला की परत जातात. त्यांपैकी एखादा मुलगा आमच्या वाचनकक्षाच्या दारात उभा राहून आत पाहतो. अनामत भरण्याची ऐपत नसल्यामुळे तो सभासद होऊ शकत नाही, पण येथे बसून वाच म्हटले की तो बसतो. त्याला मी काय द्यावे? त्याच्यासारखा मुलगा ज्यात आहे, आणि दयेचा विषय म्हणून नव्हे तर गोष्टीचा नायक म्हणून आहे, असे एकही पुस्तक आमच्या त्या कपाटांत मला आढळले नाही. फास्टर फेणे त्यालाही आवडतो, हे मी पाहिले आहे. परंतु सायकल, वसतिगृह आणि सुटी या तिन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात नाहीत, त्याच्या वाट्याला त्याचे स्वतःचे साहस केव्हा येणार?

वयाचा प्रश्नही असाच आहे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आज मराठीत देखणी पुस्तके होत आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या कामाने त्या क्षेत्राचे रूपच पालटले. परंतु तेराव्या वर्षी मुलगा बालविभागातून उठतो, त्याला मध्ये थांबावयास जागा नसते, आणि तो थेट 'मृत्युंजय', 'स्वामी', 'फकिरा' यांकडे जातो. ती थोर पुस्तके आहेत. ज्याच्या अंगी वाचनाचा नाद भिनलेला आहे तो ती पेलतोही. परंतु पुष्कळ मुले त्या उडीच्या वेळीच ग्रंथालयाकडे पाठ फिरवितात, आणि त्यांची कार्डे वर्षभराने आमच्या पेटीत तशीच पडून राहतात. गेल्या काही वर्षांची वर्गणीची वही पाहिली तर आठवी-नववीतील मुलांचे सभासदत्व खंडित होण्याचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. भ्रमणध्वनीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या वयात मनात पहिले आकर्षण उठते, बापाशी पहिला खटका उडतो, मित्राची जात पहिल्यांदा खुपते किंवा आपली जात पहिल्यांदा कोणी विचारते, त्या वयासाठी आम्ही त्याच्यापुढे काय ठेवले होते, हे अगोदर विचारले पाहिजे.

ज्येष्ठ लागला तेव्हा यादी तयार झाली. निर्लेखनासाठी मी मुख्यतः ती पुस्तके सुचविली, ज्यांच्या तारखांचा कागद कोरा आहे आणि वाचल्यावरही ज्यांच्यात मला मुलाशी बोलणारे एकही पान सापडले नाही. जीर्ण परंतु वाचली जाणारी पुस्तके बांधणीसाठी वेगळी काढली. नव्या खरेदीत वर उल्लेखिलेल्या पुस्तकांसोबत 'गोड गोष्टी'चा संच धरला. आठवीपासून पुढील मुलामुलींना त्यांच्याच कार्डावर मोठ्यांच्या विभागातील पुस्तके नेण्याची मुभा असावी, आणि तोडणीच्या हंगामात कोपीवरील मुलांना अनामतीवाचून पुस्तके द्यावीत, हरवली तर नुकसान ग्रंथालयाने सोसावे, असे दोन स्वतंत्र अर्जही मंडळाकडे दिले. पहिला मंजूर झाला. दुसरा पुढील बैठकीवर ठेवला आहे, आणि त्यासाठी मी पुन्हा बोलणार आहे.

महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक ग्रंथालये आहेत, आणि प्रत्येकात मुलांचे एखादे कपाट असतेच. तेथील कार्यकारी मंडळांच्या सभासदांना माझी एकच विनंती आहे. पुस्तकांच्या खरेदीची पुढची यादी तुमच्यापुढे सहीसाठी येईल तेव्हा, सही करण्यापूर्वी त्या यादीतील मुलांच्या निदान दोन कादंबऱ्या घरी नेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, आणि त्या आवडल्या तरच घ्या.